‘आम्हाला कळलंच नाही’

व्यसनमुक्ती केंद्राच्या बाकावर बसलेल्या आईवडिलांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : ‘आम्हाला कळलंच नाही हो.’ मुलगा सतरा-अठराचा. दोन वर्षं गांजा ओढत होता, गेल्या काही महिन्यांत एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर गेला. घर एकच, जेवणाचं टेबल एकच, झोपायला शेजारची खोली. आईनं दर रविवारी धुण्याआधी त्याच्या पँटचे खिसे चाचपलेले असतात, वडिलांनी महिन्याच्या पैशांचा हिशेब मागितलेला असतो. तरी कळलेलं नसतं. ही माणसं निष्काळजी असतात असं मी म्हणणार नाही. त्यांतली बरीचशी काळजी करकरून खंगलेली असतात.

म्हणून मुलांना नशेपासून दूर ठेवण्यात घर काय करू शकतं, हे बघताना मला याच वाक्यापासून सुरुवात करावीशी वाटते. आईबापांना मुलाबद्दल जे कळतं, ते कळतं तरी कसं?

बरीच वर्षं संशोधक एक गोष्ट सांगत होते. आपलं मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे हे ज्या पालकांना ठाऊक असतं, त्यांची मुलं नशेच्या आणि मारामाऱ्यांच्या वाटेला कमी जातात. त्यावरून पालकांना सल्ला मिळायचा : लक्ष ठेवा, पाळत ठेवा. २००० साली स्वीडनमध्ये हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून या सल्ल्याच्या मुळालाच हात घातला. पालकांना असलेली माहिती येते कुठून, हे त्यांनी वेगळं काढून पाहिलं. ती पाळत ठेवून फारशी येत नव्हती, खोदून विचारल्यानंही फारशी येत नव्हती. सर्वांत जास्त यायची ती मुलानं आपणहून सांगितल्यामुळे. पुढे या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाले. वस्ती धोक्याची असेल तर घरच्या नियमांना स्वतंत्र मोल असतं, हेही दिसून आलं. शिवाय जे मूल आधीच गैर वाटेला लागलंय ते सांगणं बंद करतं, म्हणजे कारण कोणतं आणि परिणाम कोणता याचा गुंता राहतोच. पण मुख्य मुद्दा टिकून आहे. ‘कळलंच नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘त्यानं सांगितलंच नाही’ एवढाच असतो. आणि का सांगितलं नाही, हा प्रश्न घरानं स्वतःला विचारायचा असतो.

पण आधी नशेचा आवाका पाहू. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंचाहत्तर वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, ३ कोटींहून जास्त लोक भांग-गांजा-चरस घेतात आणि सव्वादोन कोटींच्या आसपास लोक अफूच्या कुळातले पदार्थ घेतात, असं तो सांगतो. पण पालकांनी त्यातली एक वेगळीच ओळ वाचायला हवी. हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मुलांमध्ये प्रौढांपेक्षा जास्त आहे. असा हा एकच प्रकार आहे. त्यासाठी मदतीची गरज असलेल्या मुलांचा आकडा अहवालात ४ लाख ६० हजार दिलाय. व्हाइटनरचं थिनर, पंक्चरचं सोल्युशन, पेट्रोल या वस्तू सहज मिळतात आणि दप्तरात दिसल्या तरी संशय येत नाही. स्टेशनवरच्या पोरांच्या हातातला ओला रुमाल आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि ‘ती पोरं वेगळी’ म्हणून पुढे गेलेलो असतो. हे द्रव्य थेट हृदयाची लय बिघडवू शकतं, आणि क्वचित पहिल्याच खेपेला मृत्यू येतो. हे आठवी-नववीतल्या किती मुलांना कोणी सांगितलंय?

तंबाखूचं चित्र तर घराच्या उंबऱ्याच्या आतलं आहे. तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची २०१९ ची राष्ट्रीय पाहणी सांगते की त्यातली साडेआठ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात. ज्यांनी खायचा तंबाखू कधी तरी घेतला होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तो दहावा वाढदिवस व्हायच्या आत घेतला होता. दहा वर्षांचं मूल टपरीवर कसं पोचतं? बहुधा घरातूनच. ‘जा रे, कोपऱ्यावरून पुडी आण, उरलेल्या पैशांचं चॉकलेट घे.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि आजही ऐकतो. मुलगा धावत जातो. टपरीवाला त्याला वडिलांच्या नावानं ओळखतो, न मागता पुडी आणि चुन्याची डबी काढून देतो. खरं तर अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणंही. पण इथे विकणाऱ्याला गुन्ह्यात ओढतं कोण, तर बापच. गावाकडे अजून कित्येक घरांत सकाळी चुलीपाशी मिश्रीची डबी असते, आजी दात घासते आणि नात शेजारी बसून तेच करते. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

तंबाखू खाणारं प्रत्येक मूल पुढे गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर जातं असं मुळीच नाही. बहुसंख्य जात नाहीत. पण किती लवकर सुरू झालं याला फार महत्त्व आहे. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पंधराच्या आत दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले आढळले, तर विशी गाठल्यावर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. थोडा भाग असाही असेल की ज्यांचा पिंडच तसा, तेच लवकर सुरू करतात. पण मेंदूबद्दल जे कळलंय ते याच्याशी जुळतं. मजा आणि बक्षीस ओळखणारा मेंदूचा भाग पौगंडावस्थेत जोरात धावत असतो, आणि ‘थांब, विचार कर’ म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. म्हणून ‘कधीच घेऊ नकोस’ या आणाभाकांपेक्षा मला एक साधं ध्येय जास्त झेपणारं वाटतं : जेवढं पुढे ढकलता येईल तेवढं ढकलायचं. सोळाव्या वर्षी न घेतलेला पहिला पेला हीसुद्धा कमाई आहे.

रक्ताचा वाटाही विसरू नये. १९७३ मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, जन्मदात्या आईबापांपैकी एक जण दारूडा असलेली, पण जन्मल्यावर लवकरच दुसऱ्या घरी दत्तक गेलेली मुलं तपासली, तर त्यांच्यात दारूचं व्यसन इतर दत्तक मुलांच्या सुमारे चौपट आढळलं. ज्या घरात काका, आजोबा किंवा वडील दारूनं गेले, त्या घरात ही गोष्ट लपवली जाते. ‘काकांना कावीळ झाली होती.’ मधुमेह घराण्यात आहे हे आपण मुलांना सांगतो, तसं हेही सांगायला हवं. ‘आपल्या रक्तात हे आहे, दुसऱ्याला जे पचेल ते तुला पचेलच असं नाही,’ हे पंधरा वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

शहरी, सुशिक्षित घरांत अलीकडे एक मत पसरतंय : बाहेर चोरून प्यायच्यापेक्षा घरीच आमच्यासमोर थोडी घेऊ दे, म्हणजे त्याला मर्यादा कळेल. हे बोलणाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. पण ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून २०१८ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यात पालकांनी दिलेल्या दारूनं मुलांचं काहीही रक्षण झालेलं दिसलं नाही. उलट अशी मुलं बाहेरूनही दारू मिळवू लागण्याची शक्यता वाढलेली दिसली. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. घरानंच ती अट मोडली की बाकीच्या नियमांचंही वजन जातं.

काय उपयोगी पडत नाही, हेही आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. दर वर्षी २६ जूनला शाळांतून फेऱ्या निघतात, कवटीची चित्रं रंगवली जातात, एखादे पोलीस अधिकारी भाषण करतात. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम याच धर्तीवर सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन मुलांना ड्रग्जचे धोके सांगायचा. तो अमेरिकाभर पसरला, पालकांना अतिशय आवडला. १९९४ पासून त्याचे एकामागून एक आढावे घेतले गेले, आणि मुलांच्या नशा करण्यावर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. नंतर ‘डेअर’च्या चालकांना अभ्यासक्रम बदलावा लागला. घाबरवण्याचा तोटा माझ्या मते असा : आपण सांगितलेलं असतं की गांजाचा एक झुरका घेतला की आयुष्य संपलं. मग मुलाचा मित्र महिनाभर ओढतो आणि तरी युनिट टेस्टमध्ये पास होतो. त्या दिवशी आपलं एक वाक्य खोटं ठरतं आणि त्याच्याबरोबर खरी वाक्यंही वाहून जातात. एमडीबद्दल, गोळ्यांबद्दल, थिनरबद्दल जे अगदी खरं सांगायचं होतं, ते ऐकायला मग कान उघडे नसतात. त्यापेक्षा गांजानं काय होतं आणि काय लगेच होत नाही, हे जसं आहे तसं सांगावं. मुलं खरेपणा चटकन ओळखतात.

उपयोगी पडलेल्या गोष्टी ऐकायला फार साध्या आहेत. अमेरिकेतल्या आयोवात दहा ते चौदा वयाच्या मुलांच्या कुटुंबांसाठी सात आठवड्यांचा एक कार्यक्रम आहे. पहिला तास पालक एका खोलीत, मुलं दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या तासाला सगळे एकत्र. पालक शिकतात ते असं : नियम रागात नाही, शांतपणे आणि आधी सांगायचा. मोडला तर काय होईल तेही आधीच सांगायचं, ती शिक्षा लहान असावी आणि ठरल्याप्रमाणे द्यावी. मूल चांगलं वागलं तर ते बोलून दाखवायचं. मुलं शिकतात ते मित्रांना नाही कसं म्हणायचं, आणि आईबापांवरही ताण असतो हे. या कार्यक्रमातल्या मुलांचं दारू-सिगारेट सुरू करणं पुढची काही वर्षं लांबलेलं दिसलं.

आपल्या घरांत प्रेमाची वाण नसते, नियमांचीही नसते. वाण असते ती नियम बोलून ठेवण्याची. ‘त्याला माहीत आहे आम्हाला आवडत नाही ते,’ असं आई म्हणते. विचारून पाहा, पुष्कळदा मुलाला फक्त एवढंच माहीत असतं की हा विषय काढायचा नाही.

आणखी एक कप्पा आहे, तो उघडायला घरं कचरतात. नशा काही मुलं मजेसाठी सुरू करतात, काही मुलं दुखणं बंद करायला. लक्ष एकाग्र न होण्याचा आजार, नैराश्य, नापास झाल्याची शरम, घरातल्याच कुणी केलेला लैंगिक अत्याचार, बापाची रोजची मारहाण. अशा मुलाला गांजानं किंवा झोपेच्या गोळीनं पहिल्यांदा बरं वाटतं. मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी ओळखली जाते, ती मुळात चिंतेवर डॉक्टर देतात ती अल्प्राझोलाम. तिच्यावर नुसती बंदी घालून त्या मुलाची भीती जात नाही. बारावीनंतर मूल पुण्याला किंवा कोट्याला हॉस्टेलवर गेलं आणि महिनाभर फोनवर ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणत राहिलं, तर गाडी पकडून जाऊन भेटावं. आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं कपाटात कुलपात असावीत, हे लहानसं काम आजच करता येईल.

मोबाइलमध्ये लपून पाहणारी ॲप आणि घरी लघवी तपासायची किट आता सहज मिळतात. पालक मला विचारतात, घेऊ का? माझं मत नाही असं आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मुलाला सांगून केलेली तपासणी वेगळी. चोरून केलेली तपासणी एकदा उघडी पडली की ज्या सांगण्यावर सगळं उभं आहे तेच संपतं. लाल डोळे, चिडचिड, एकटं राहणं, मित्र बदलणं या खुणांच्या याद्याही सर्वत्र फिरतात, पण त्यांतल्या अर्ध्या खुणा निरोगी पंधरा वर्षांच्या मुलातही सापडतील. एक खूण मात्र मी गांभीर्यानं घेईन : जे त्याला मनापासून आवडायचं, ते क्रिकेट, तो ढोल, ती चित्रकला, ते त्यानं अचानक सोडून देणं.

माल येतो कुठून, हा प्रश्न पालकांच्या हातचा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं. त्याआधी नाशिकजवळच्या शिंदे गावातही एमडीचा कारखाना सापडला होता. म्हणजे हे विष आता आपल्या जिल्ह्यांत तयार होतंय. ते थांबवणं सरकारचं काम आहे आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण शाळेसमोरच्या टपरीबद्दल पाच पालकांनी मिळून सही केलेला अर्ज आणि एकट्या पालकाची तक्रार यांत पुष्कळ फरक पडतो. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे अर्जात लिहावं.

आणि पुडी सापडलीच तर? त्या रात्री उलटतपासणी घेऊ नये. मूल नशेत असेल तर बोलून काही पोचत नाही. गुंगीत असेल, उठत नसेल, श्वास संथ असेल तर १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावं आणि डॉक्टरांना जे माहीत असेल ते सगळं खरं सांगावं, कारण उपचार त्यावर ठरतात. मारू नये. बोलणं दुसऱ्या दिवशी, एकाच माणसानं, दार बंद करून. पोलिसांच्या भीतीनं पुष्कळ घरं महिनोन्‌महिने थांबतात. त्यांना सांगायला हवं की १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या प्रकरणात जो व्यसनी स्वतःहून उपचार घेतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. केंद्र निवडताना ते मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदलेलं आहे का, हे विचारावं. अठराखालच्या मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि सोबत घरचं माणूस राहतं, असं २०१७ चा तो कायदा सांगतो. जिथे ‘तीन महिने भेटायचं नाही, आम्ही सरळ करतो’ म्हणतात, तिथून मुलाला घेऊन परत यावं. कुठे जावं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे.

पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र ऑगस्ट १९८६ मध्ये सुरू झालं ते याच धडपडीतून. अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली, ती वाचून हेलावलेल्या पु. ल. देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचटांनी केंद्र उभं केलं. ‘टर्की’ हा शब्द मराठी घरांत गर्दच्या त्या काळात शिरला : नशा बंद केल्यावर अंग मोडून येणं, नाक-डोळे गळणं, रात्रभर तळमळणं. मुक्तांगणमध्ये सुरुवातीपासून घरच्यांनाही बोलावून त्यांच्याशी बोलणं होत आलंय. मुलगा बरा होऊन परत जातो ते त्याच घरात, आणि ते घर जसंच्या तसं असेल तर तो पुन्हा घसरण्याचा धोका वाढतो.

शेवटची गोष्ट आइसलँडची. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आधीच्या महिन्यात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्के होती, ती ३ टक्के झाली. त्यांनी दर वर्षी मुलांना प्रश्नावली दिली, खेळ आणि संगीतासाठी पैसे दिले, सोळापर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहायचं नाही असा कायदा केला, आणि पालकांना आपसात करार करायला लावले : मोठ्यांविना पार्टी नाही. तो देश चार लाखांहून कमी वस्तीचा आणि पैसेवाला आहे. त्याच काळात युरोपात इतरत्रही मुलांची दारू कमी झाली, त्यामुळे सगळं श्रेय या कार्यक्रमाला देता येणार नाही. पण एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. ‘सगळ्यांना परवानगी आहे, मलाच नाही,’ हे मुलाचं वाक्य पालक एकमेकांशी बोलले की लंगडं पडतं.

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरच्या आधी नववी ते बारावीच्या मुलांचे पालक गच्चीवर जमले. पहिली दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग एक काका म्हणाले, ‘आमचा तसला नाही.’ सगळ्यांना तेच म्हणायचं होतं, म्हणून कोणी हसलं नाही. तासाभरात तीन गोष्टी ठरल्या. साडेबाराला सगळी मुलं घरी. पार्टी असलेल्या घरी आईवडील हजर. आणि तिसरी, जिच्यावर बराच वाद झाला : मुलानं कुठूनही, कितीही वाजता फोन केला तर न्यायला जायचं आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही.

पावणेबाराला समोरच्या घरातला फोन वाजला. ‘बाबा, न्यायला येतोस?’ एवढंच ती म्हणाली. तिचे बाबा स्वेटर उलटा घालून स्कूटरवर गेले. येताना दोघंही बोलले नाहीत, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. घरी आल्यावर आईनं दूध गरम करून दिलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईजवळ मेथी निवडायला बसली. अर्धी जुडी झाल्यावर, मान वर न करता, तिनं सांगायला सुरुवात केली.